अमेरिकेबाहेर राहून अमेरिकेत वैयक्तिक बँक खातं: कुणी उघडलंय का?

खारावारा | १२ ऑक्टोबर २०२५

मंडळी, मदत हवी आहे. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

२००७ ते २०१५ आम्ही न्यू जर्सीत होतो, दोघंही नोकरीत. मग नवऱ्याला मस्कतला काम मिळालं आणि गाशा गुंडाळला. निघताना मी सगळं आवरलं. गाडी विकली, फोन बंद केला, आणि शेवटच्या आठवड्यात बँकेत जाऊन खातंही बंद करून आले. मागे काही लोंबकळत ठेवायचं नाही, ही आईची शिकवण. आता तीच शिकवण महागात पडतेय.

राहून गेलं ते जुन्या कंपनीतलं ४०१(के). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साधारण आपल्या पीएफचा चुलतभाऊ. या मार्चमध्ये ते काढून घेतलं. ३१,४०० डॉलर होते. मी आता तिथली रहिवासी नाही म्हणून ३० टक्के, म्हणजे ९,४२० डॉलर कापून उरलेल्या रकमेचा चेक मस्कतला आला. हो, कागदी चेक. इथल्या बँकेतल्या मुलाने तो उलटासुलटा करून पाहिला, आतून कुणाला तरी बोलावून आणलं, मग दोघांनी मिळून पाहिला. कलेक्शनला गेलेला चेक जमा व्हायला सात आठवडे लागले, वर दोन ठिकाणी कमिशन.

पुढचा प्रश्न कापलेल्या कराचा. सल्लागाराच्या हिशोबाने खरा कर, आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढल्याचा १० टक्के दंड, दोन्ही मिळून ६,६७० डॉलरच्या आसपास होतात. म्हणजे साधारण पावणेतीन हजार डॉलर परत यायला हवेत. पुढच्या वर्षी १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं अमेरिकी कर-रिटर्न, भरायचं. पण अमेरिकी सरकारने ३० सप्टेंबर २०२५ पासून कागदी चेक टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलेत, मार्चमध्येच अध्यक्षांचा तसा आदेश निघाला होता. रिफंड थेट खात्यात, आणि खातं अमेरिकी बँकेतलंच हवं.

म्हणून गेल्या महिन्यात तीन बँकांच्या साइटवर प्रयत्न केला.

पहिलीने पत्ता विचारला. आता ओमानमध्ये पोस्टमन दारात येत नाही. आमचा पत्ता म्हणजे पी.ओ. बॉक्स आणि तीन आकडी पोस्टल कोड. तो टाकल्याबरोबर चौकट लाल. पी.ओ. बॉक्स चालणार नाही.

दुसरीच्या यादीत फक्त अमेरिकेची राज्यं. ओमान सोडाच, कॅनडासुद्धा नाही.

तिसरीला कंटाळून बहिणीचा एडिसनचा पत्ता दिला. बरीच पुढे गेले. 'यापैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही पूर्वी राहत होतात' असले प्रश्न आले, सगळ्यांची उत्तरं बरोबर दिली. शेवटी एक ओळ: आम्ही तुमची ओळख पडताळू शकलो नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक) आहे. पासपोर्ट भारतीय. बी१/बी२, म्हणजे थोड्या दिवसांच्या भेटीचा व्हिसा चालू आहे. बाहेर राहणाऱ्याने असं खातं उघडणं बेकायदा आहे का? आणि बहिणीचा पत्ता चालतो का?

---

सव्वाशहाणा | १२ ऑक्टोबर

एवढा उपद्व्याप कशाला? बहिणीचा खाते क्रमांक टाका रिटर्नमध्ये. घरातल्या घरात मिटेल.

---

शेवंती८२ | १२ ऑक्टोबर

नाही हो. रिफंड करदात्याच्या स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या जोड खात्यातच मागायचा असतो. बहिणीच्या नावाचं खातं टाकलं तर परत फिरण्याचीच शक्यता जास्त.

---

बर्फातला_मालवणी | १३ ऑक्टोबर

ताई, मी ओहायोत एका बँकेत ग्राहकांची ओळख तपासणाऱ्या विभागात आहे. बँकेचं नाव विचारू नका. लिहितोय ते माझं वैयक्तिक.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बेकायदा अजिबात नाही. २००१ च्या पॅट्रियट कायद्याचं कलम ३२६, आणि त्याखालचा ऑक्टोबर २००३ पासून लागू झालेला नियम, बँकेला चार गोष्टी घ्यायला सांगतो: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक. परदेशी नागरिकासाठी हा क्रमांक पासपोर्टचाही चालतो. म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी कायदा आडवा येत नाही. आडवं येतं ते बँकेचं स्वतःचं धोरण. बाहेरच्या माणसाची तपासणी महाग पडते, त्यातून मिळणार काय, तर दोनशे डॉलर पडून असलेलं खातं. म्हणून ऑनलाइन फॉर्म बनवतानाच परदेशी माणसाला दाराबाहेर ठेवतात. आमच्याकडेही तेच आहे, लपवत नाही.

पी.ओ. बॉक्स मात्र नियमानेच चालत नाही. राहत्या घराचा पत्ता लागतो. तुमच्याकडे वे, म्हणजे रस्त्याचा, नंबर आणि इमारतीचा नंबर असेल ना? वे, इमारत, फ्लॅट, विलायत (तिथला तालुका), मस्कत. हा झाला रीतसर पत्ता. तो सिद्ध करणारा एक कागद मिळवा.

आता तिसऱ्या बँकेबद्दल. ते केलंत ते बरं नाही केलंत. बहिणीचा पत्ता 'पत्रव्यवहाराचा पत्ता' म्हणून देणं शंभर टक्के ठीक. पण 'मी इथे राहते' अशा चौकटीत तो घालणं म्हणजे बँकेला खोटी माहिती देणं, आणि ते इथे संघीय गुन्ह्यात मोडतं. कुणी लगेच बेड्या घालत नाही, देवाक काळजी. पण वर्षभराने एखादा माझ्यासारखा माणूस पाहतो की हे खातं रोज मस्कतहून उघडलं जातंय. मग खातं गोठतं, आणि नेमका त्यात रिफंड अडकलेला असतो.

आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे फॉर्मच्या शेवटचा डब्ल्यू-९ हा कराचा कागद. त्यात तुम्ही शपथेवर सांगता की मी 'यू.एस. पर्सन', म्हणजे करासाठी अमेरिकी, आहे. सोशल सिक्युरिटी नंबर आयुष्यभर तुमचाच राहतो, पण नंबर असला म्हणून कुणी यू.एस. पर्सन होत नाही. तुम्ही नागरिक नाही, ग्रीनकार्ड नाही, इथे राहत नाही. तुमचा फॉर्म डब्ल्यू-८बेन, परदेशी माणसासाठीचा. ऑनलाइन अर्जात तो बहुतेक ठिकाणी नसतोच. ज्या अर्जात डब्ल्यू-८बेन नाही, तो अर्ज तुमच्यासाठी नाही, तिथेच थांबा.

---

खारावारा | १३ ऑक्टोबर

बापरे. डब्ल्यू-९ वर टिक केली होती मी. न वाचता. अर्ज फेटाळला गेला हे बरंच झालं म्हणायचं.

ती ओळख पटली नाही ती कशामुळे?

---

बर्फातला_मालवणी | १३ ऑक्टोबर

तुमची क्रेडिटची फाइल दहा वर्षांत सुकून गेली असणार. जुने रस्ते तुम्हाला आठवतात, पण ताजं काहीच नाही: कार्ड नाही, फोनचं बिल नाही. संगणकाला तुम्ही भूत वाटता. भुतांना शाखेतच जावं लागतं.

---

दुबईकर_दीड | १४ ऑक्टोबर

मी २०२२ मध्ये दुबईत बसून उघडलं. एचएसबीसीत प्रीमियर ग्राहक असाल तर ते दुसऱ्या देशातलं खातं इथूनच उघडून देतात. फोनवर पाऊण तास मुलाखत झाली, पैसे कुठून येणार, कशासाठी हवंय वगैरे. पासपोर्टची प्रत त्यांनीच प्रमाणित केली. तीनेक आठवडे लागले. अर्थात प्रीमियरला शिल्लक भरपूर ठेवावी लागते, ती नसेल तर हा रस्ता विसरा.

---

खारावारा | १४ ऑक्टोबर

दीडभाऊ, आमच्या इथे ते दारही गेलं. एचएसबीसी ओमान ऑगस्ट २०२३ मध्ये सोहार इंटरनॅशनलमध्ये विलीन झाली. माझं तिथे खातं होतं, एका सकाळी पाटी बदललेली!

---

सव्वाशहाणा | १४ ऑक्टोबर

वायोमिंगमध्ये एलएलसी काढा. यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. दोनशे-तीनशे डॉलरमध्ये कंपनी, कंपनीच्या नावाने खातं. दोन दिवसांत काम.

---

बर्फातला_मालवणी | १५ ऑक्टोबर

ते व्हिडिओ करणारे पुढचं सांगत नाहीत. एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला दरवर्षी फॉर्म ५४७२ भरावा लागतो, धंदा शून्य असला तरी, मालक आणि कंपनीत पैशाची देवघेव झालेली असली की झालं. आणि कंपनीत पहिले शंभर डॉलर टाकणं हीसुद्धा देवघेवच. नाही भरला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू. शिवाय ते खातं कंपनीचं. ताईंचा वैयक्तिक रिफंड त्यात कसा येणार? पावणेतीन हजारांसाठी पंचवीस हजारांचा विस्तव पदरात बांधून घ्यायचा?

आभासी टपालपेटीचा सल्लाही कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. पैसे घेऊन टपाल स्वीकारणाऱ्या दुकानांचे पत्ते बँकांच्या यादीत वेगळे नोंदलेले असतात. राहता पत्ता म्हणून दिले की ते ओळखले जातात आणि नाकारले जातात.

---

चहाबाज_कोल्हापूर | १७ ऑक्टोबर

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मी डिझाइनची कामं करतो, क्लायंट टेक्ससचे. ते म्हणतात अमेरिकी खातं दे, वायरचा, म्हणजे परदेशी बँकेत पैसे पाठवण्याचा, खर्च नको. मी पण उघडू काय? नव्या अॅपवाल्या कंपन्या पाच मिनिटांत देतात म्हणे.

---

पडवीतला_कंदील | १७ ऑक्टोबर

चहाबाज, तुमचं प्रकरण ताईंपेक्षा अगदी वेगळं. तुम्ही भारताचे रहिवासी. तुमची कमाई ही निर्यात, आणि निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत भारतात आणणं फेमाखाली, म्हणजे परकीय चलन कायद्याखाली, बंधनकारक. अमेरिकेतल्या खात्यात ते साठवून ठेवता येत नाहीत. डॉलर डॉलरच ठेवायचे असतील तर आपल्या बँकेत ईईएफसी, म्हणजे परकीय चलनात कमावणाऱ्यांचं, खातं काढा. त्यात पूर्ण रक्कम जमा करता येते, मात्र पुढच्या महिनाअखेरीपर्यंत वापरा किंवा रुपयांत बदला, व्याज नाही. आणि क्लायंटला फक्त राउटिंग नंबर (अमेरिकी बँकेचा कोड) आणि खाते क्रमांक हवा असेल तर पेओनियरसारख्या सेवा तो देतात आणि पैसे थेट तुमच्या कोल्हापूरच्या खात्यात पोचवतात. त्यासाठी अमेरिकेत खातं नको.

---

बर्फातला_मालवणी | १७ ऑक्टोबर

काकांना अनुमोदन. अॅपवाल्यांबद्दल एवढंच: अॅप म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला एफडीआयसी या सरकारी संस्थेचा विमा असतो, एका बँकेत एका ठेवीदाराला २,५०,००० डॉलरपर्यंत, आणि तो परदेशात राहणाऱ्यालाही मिळतो. पण अॅप आणि बँक यांच्या मधला दलाल बुडाला तर हा विमा धावून येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची अशीच मधली कंपनी दिवाळखोरीत गेली. मे महिन्यात हजारो लोकांना आपल्याच पैशाला हात लावता येईना, कारण कुणाचे किती याची वहीच जुळत नव्हती. बँक जिवंत होती, मेली होती ती वही.

---

शेवंती८२ | १९ ऑक्टोबर

खारावारा, शाखेत जाणार असशील तर नावाची जुळणी आधीच बघून घे. माझा सोशल सिक्युरिटी नंबर माहेरच्या नावाने, पासपोर्ट लग्नानंतरच्या. मधलं नाव एकीकडे बाबांचं, एकीकडे नवऱ्याचं. समोरच्या बाईंना मी समजावतेय की आमच्याकडे लग्न झालं की मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलतात, आणि त्या माझ्याकडे असं बघतायत की मी दोन बायकांचे कागद घेऊन आलेय. विवाह नोंदणीचा दाखला पुण्यात कपाटात. दुसऱ्या दिवशी भावाकडून स्कॅन मागवला, तर मूळ प्रतच हवी म्हणाल्या. तो दाखला सोबत ठेवच.

---

पडवीतला_कंदील | २१ ऑक्टोबर

माझा अनुभव लिहितो, कारण माझ्या वयाची मंडळी हा धागा वाचत असतील.

मी पुण्याचा, निवृत्त. मुलगी सिअॅटलला. दरवर्षी तीन-चार महिने जातो. किराणा आणायला गेलो तरी तिचं कार्ड घेऊन जायचं, हे मला रुचेना. २०२३ मध्ये तिच्यासोबत तिच्या बँकेच्या शाखेत गेलो. पासपोर्ट, व्हिसा, आधार कार्ड, पुण्याच्या घराचं वीजबिल. राहता पत्ता पुणे, पत्रव्यवहार मुलीकडे. डब्ल्यू-८बेन त्यांनीच पुढे केला. तासाभरात खातं. फार आनंद झाला, घरी येताना माझ्या कार्डाने आइस्क्रीम घेतलं. (तात्पुरतं कार्ड होतं, नाव नव्हतं त्यावर. पण माझंच.)

खरी मजा पुण्यात आल्यावर. मी वर्षानुवर्षं आयटीआर-१ भरत आलो. सीएंना सहज बोललो तर ते खुर्चीतच सरळ झाले. परदेशात खातं असलेल्या रहिवाशाला आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ भरायचा आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. ते आपल्या आर्थिक वर्षाचं नाही, कॅलेंडर वर्षाचं. खात्यात वर्षभरातली सर्वाधिक शिल्लक किती, वर्षअखेरीची किती, व्याज किती. रुपयात रूपांतर स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने. आता मी दर महिन्याचं स्टेटमेंट काढून सर्वाधिक आकड्याभोवती लाल गोल करून ठेवतो. मुलगी हसते.

ही माहिती दडवली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट आहे. पण दंडातून सूट म्हणजे भरण्यातून सूट नव्हे. आणि त्यांना कळणार कसं, असं म्हणू नका. २०१५ पासून भारत आणि अमेरिकेत माहितीच्या देवाणघेवाणीचा करार आहे.

पैसे पाठवायचे ते एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. रिझर्व्ह बँक असं खातं उघडायला वेगळी परवानगी मागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाहीत, त्यावर गेलात तर २० टक्के, तो नंतर रिटर्नमध्ये वळता होतो. पाठवलेले पैसे १८० दिवस वापराविना पडून राहिले तर परत आणायचे असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. मी लागेल तेवढेच पाठवतो.

---

खारावारा | २१ ऑक्टोबर

काका, लाल गोल आवडले. आम्ही उद्या भारतात परतलो तर मलाही हे सगळं लागू?

---

पडवीतला_कंदील | २२ ऑक्टोबर

परतल्यावर खातं ठेवता येईल. फेमाचं कलम ६(४) सांगतं की बाहेरची रहिवासी असताना मिळवलेलं परकीय चलन नंतर भारतात येऊनही बाळगता येतं. ते १८० दिवसांचं लचांड तुमच्या अशा पैशाला नाही. शेड्यूल एफए मात्र 'सामान्यतः रहिवासी' झालात की सुरू. सुरुवातीचा काळ बहुधा त्यातून सुटतो, तेव्हाचं तेव्हा सीएंना विचारा.

---

सव्वाशहाणा | २२ ऑक्टोबर

थोडक्यात, पावणेतीन हजारांसाठी दोन देशांचे कायदे पाठ करायचे. मी असतो तर पाणी सोडलं असतं.

---

खारावारा | २२ ऑक्टोबर

तुम्ही सोडा हो. ती माझी आठ वर्षांची नोकरी आहे. सकाळी सहाची गाडी पकडायचे मी, बर्फात.

---

खारावारा | २८ डिसेंबर २०२५

अपडेट! डिसेंबरात बहिणीकडे आलेय. खातं झालं. तिसऱ्या शाखेत.

पहिली शाखा मोठ्या बँकेची, एडिसनमध्येच. बाईंनी सोशल सिक्युरिटी नंबर टाकला, पडद्याकडे बघून हसल्या, आणि मस्कतचा पत्ता सांगताच हसू मावळलं. "इथला पत्ता नाही का?" बहीण शेजारीच. तिने तोंड उघडलं, मी तिच्या पायावर पाय दिला. मालवणीभाऊ, तुमची आठवण झाली तेव्हा. नाही म्हटलं, मी इथे राहत नाही. मग नाही जमणार, म्हणाल्या. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच बँकेच्या वुडब्रिजच्या शाखेत सांगितलं की जमतं, पण परदेशी खात्यांचं काम करणारा माणूस पाच जानेवारीला येईल. माझं परतीचं विमान तीनला.

तिसरी एक लहान बँक, नाव लिहीत नाही, पण एफडीआयसीची पाटी दारावरच बघून घेतली. तिथे एक आजोबा बसले होते, साठीपुढचे. त्यांनी सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. पासपोर्ट, ओमानचं रेसिडेंट कार्ड, सोशल सिक्युरिटीचं पिवळं पडलेलं कार्ड, घराचा भाडेकरार. (मस्कतचं वीजबिल घरमालकाच्या नावाने येतं, म्हणून करार इंग्रजीत करून आणि शिक्का मारून नेला होता. तोच कामी आला.) पत्ता टाकताना ते 'वे' या शब्दावर अडले. हे रस्त्याचं नाव का? म्हटलं हो, आमच्याकडे रस्त्याला नाव नाही, नंबर असतो. मग त्यांनी आधी नंबर, मग वे, असं अमेरिकी पद्धतीने उलटं टाइप केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुन्हा उलट करा. वैतागले नाहीत. प्रिंट काढून मला वाचायला दिली, मी दोन्ही ओळी बोटाने वाचल्या, मग सही.

डब्ल्यू-८बेन त्यांना माहीत होता! खणातून काढला. म्हणाले आज सही केलीत म्हणजे २०२८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत चालेल, मग नवा. त्यामुळे बँकेच्या व्याजावर इथे कर नाही. व्याज असून असून किती असणार म्हणा.

२५ डॉलर भरून खातं उघडलं. कार्ड टपालाने आठ-दहा दिवसांत बहिणीकडे येईल. ओमानला पाठवत नाहीत.

एकच अडचण राहिली. त्यांच्या अॅपला अमेरिकी मोबाइल नंबरच लागतो, +९६८ घेत नाही. बहिणीचा देऊ का?

---

बर्फातला_मालवणी | २८ डिसेंबर

अभिनंदन! आजोबांना माझा नमस्कार सांगा, असे लोक आता कमी राहिलेत.

बहिणीचा नंबर नको. ती झोपलेली असताना तुम्हाला ओटीपी लागणार, तुमच्यात आणि तिच्यात हिवाळ्यात नऊ तासांचं अंतर. इंटरनेटवरचे फुकट नंबर बऱ्याच बँका नाकारतात. स्वस्तातलं प्रीपेड ई-सिम घ्या आणि निघण्याआधी वायफाय कॉलिंग चालू करून, बहिणीच्या घरीच एकदा ओटीपी येतोय का बघा. मस्कतला पोचल्यावर ते चालू करायला बसलात तर होणार नाही.

आणखी दोन गोष्टी. खात्याला लाभार्थी लावा, 'पेएबल ऑन डेथ' म्हणतात, आपल्या नॉमिनीसारखं. नाहीतर तुमच्या माघारी नवऱ्याला इथल्या कोर्टाचे कागद गोळा करावे लागतील. आणि खातं झोपू देऊ नका. वापर नसलेलं खातं काही वर्षांनी राज्य सरकारकडे जमा होतं, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत. दोन-तीन महिन्यांनी पाच डॉलर इकडून तिकडे करत जा.

---

शेवंती८२ | २९ डिसेंबर

वा वा! नावाची भानगड झाली नाही ना?

---

खारावारा | २९ डिसेंबर

नाही गं, माझं सगळं लग्नानंतरच्याच नावाने. तरी दाखला पर्समध्ये होता. लॅमिनेट केलेला.

---

चहाबाज_कोल्हापूर | ११ जानेवारी २०२६

माझं पण सांगून टाकतो. ईईएफसी उघडलं. शाखेत पहिल्यांदा 'ते मोठ्या कारखान्यांसाठी असतं' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी फौंड्रीवाला मामा बरोबर आला, मग झालं. काका, आभार. क्लायंट अजून कुरकुरतोय, पण पैसे येताहेत.

---

खारावारा | ४ फेब्रुवारी २०२६

कार्ड बहिणीकडे आलं, तिने एका येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर मस्कतला पाठवलं. लाडवांच्या डब्यात. ई-सिमवर ओटीपी येतोय, कधी लगेच, कधी चार मिनिटांनी.

रिफंडला अजून वेळ आहे. १०४२-एस, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, आला की रिटर्न. मधेच ४०१(के) वाल्यांचं पत्र आलं की खातं बंद केल्यानंतर लाभांशाचे १४ डॉलर ६२ सेंट मागे पडलेत, चेक पाठवू का? मी जवळजवळ किंचाळलेच, चेक नको! त्यांच्या साइटवर नवं खातं जोडलं. त्यांनी सांगितलं, पडताळणीसाठी दोन छोट्या रकमा टाकू, त्या किती ते आम्हाला कळवा.

आज पहाटे अॅप उघडलं. ०.११ आणि ०.२७. नवऱ्याला उठवून दाखवलं. त्याने चष्मा लावला, आकडे पाहिले, आणि विचारलं की हे रियालमध्ये किती होतात.

---

पडवीतला_कंदील | ४ फेब्रुवारी

सर्वाधिक शिल्लक लिहून ठेवा.